नऊ गुंठे आणि जेसन

आमच्या कंधार तालुक्यात जमिनीचं भांडण ओसरीवर पिकतं, बांधावर मळलं जातं आणि कोर्टात जाऊन म्हातारं होतं. पण बांध जागच्या जागी, शेजारी देवमाणूस, भाऊबंद गपगार आणि तरीही नऊ गुंठे गायब, असा खटला माझ्या मामानं पहिल्यांदाच उभा केला. आरोपीच्या पिंजऱ्यात मी होतो. मोबाइलमध्ये जगात कुठंही काहीही घडलं तरी त्याचा जाब भाच्यानं द्यायचा, असा मामाचा कायदा आहे.

आधी माझं काम सांगतो. मी पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. करोनात घरी आलो तो अजून कंधारातूनच नोकरी करतो. एकीकडं भुईकोट किल्ला, दुसरीकडं वीज कधी जाईल याची धास्ती आणि मध्ये लॅपटॉप घेऊन मी. मी एपीआय लिहितो. एका कॉम्प्युटरनं काही मागायचं, दुसऱ्यानं ते नीट बांधून द्यायचं, त्या देण्याघेण्याची रीत ठरवायची, हे माझं काम. घरात हे समजावता समजावता माझा घसा बसला. शेवटी मामीच म्हणाली, "म्हंजे तू निरोप्या हाईस." कंपनीनं माझ्या पदाचं पानभर वर्णन केलंय, त्यापेक्षा हे सरस आहे. निरोप्याचं पहिलं कर्तव्य एकच: निरोप जसा दिला तसा पोचवायचा. मधल्या मधे काही खायचं नाही.

तर आमच्या कंपनीनं शेतकऱ्यांसाठी एक अ‍ॅप काढलं. शेतकऱ्यानं त्यात आपलं क्षेत्र, पीक, बैल, घरातली माणसं असं सगळं भरायचं. मग बियाणं किती लागेल, खत किती लागेल हे अ‍ॅप सांगणार. पहिलं गिऱ्हाईक घरचं असावं म्हणून मामाच्या फोनमध्ये ते मीच घालून दिलं. मामानं क्षेत्राच्या रकान्यात लिहिलं २.१०. म्हणजे दोन एकर दहा गुंठे. आमच्याकडं वहीत, भिंतीवर, खताच्या पावतीच्या पाठीवर असंच लिहितात. आधी एकर, मग टिंब, मग गुंठे. मामानं सेव्ह केलं, जेवण केलं, झोप काढली. संध्याकाळी उघडून बघतो तर तिथं २.१.

तो तडक माझ्या दारात.

"काय करलालास?"

"मीटिंग चालू आहे, मामा."

"मीटिंग ऱ्हाऊ दे. माझे नऊ गुंठे कोण खाल्लं ते सांग."

दशांशचिन्हानंतरच्या शेवटच्या शून्याला किंमत नसते, हे शाळेतलं उत्तर माझ्या ओठांवर होतं. मामाच्या चेहऱ्याकडं बघून ते मी परत आत ढकललं. तसंही ते धाडस हेल्पलाइनवरच्या एका मुलीनं मामा वाटेत असतानाच करून बघितलं होतं. "काका, टू पॉइंट वन आणि टू पॉइंट वन झीरो सेमच असतं," ती म्हणाली. मामानं तिला विचारलं, "बाई, तुझा पगार धा हजार असंल तर एक हजारच घेशील का? सेमच हाय की." फोन तिकडून कट झाला.

आता यात खरं कोण, हे ठरवायला बसलं तर डोकं भणभणतं. एकरात गुंठे चाळीस. मामाचं २.१० म्हणजे नव्वद गुंठे. अ‍ॅपमधलं २.१ मामाच्या रीतीनं वाचलं तर दोन एकर एक गुंठा, म्हणजे एक्क्याऐंशी. आणि कॉम्प्युटरच्या मनात होतं दोन पूर्णांक एक दशांश एकर, म्हणजे चौऱ्याऐंशी. रान एक, मोजण्या तीन. यातली खरी मेख अशी, की मामाला नऊ गुंठे गेल्याचं दिसत होतं, पण कॉम्प्युटरनं सहा गुंठे पहिल्या क्षणालाच दाबले होते. शून्य जागेवर होतं तेव्हासुद्धा. शून्य पडलं म्हणून चोरी उघडकीला आली, एवढंच. मामानं दिलेलं ते टिंब दशांशचिन्ह नव्हतंच मुळी. तो एकर आणि गुंठे यांच्यामधला बांध होता. आणि बांध कोरायची खोड माणसांनाच असते असं आम्ही समजत होतो.

टिंबाचे असे वेश आणखीही आहेत. क्रिकेटच्या धावफलकावर १९.५ षटकं असतात, त्यात एक चेंडू पडला की वीस होतात. तिथं कुणी गणिताच्या मास्तरांना बोलावत नाही. सातबाऱ्यावर तर एका आकड्यात दोन टिंबं असतात. मामाचे नव्वद गुंठे तिथं ०.९१.०५ असे बसतात: शून्य हेक्टर, एक्क्याण्णव आर, पाच चौरस मीटर. दोन टिंबांचा आकडा पुढं आला की भलाभला कॉम्प्युटर हात जोडतो. 'ही संख्या नव्हे, मला यातलं काही कळत नाही, जसं दिलंय तसं ठेवतो,' म्हणतो. आणि न कळल्यामुळंच ते शाबूत ठेवतो. ज्याला आपण फार शहाणा समजतो तोच आपल्या कागदात ढवळाढवळ करतो, हे तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

शून्यावरून गोंधळ हा आमच्या भागाला नवा नाही. कंधारच्या किल्ल्याशी राष्ट्रकूटांचं नाव जोडलेलं आहे. इथल्या तलावाचं नाव जगत्तुंग समुद्र, आणि जगत्तुंग हे बिरुद राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद यालाही होतं. त्याचा मुलगा अमोघवर्ष. या अमोघवर्षाच्या राज्यात, इसवी सन ८५०च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा थोर ग्रंथ लिहिला. त्यात एके ठिकाणी त्यांनी म्हटलंय, की संख्येला शून्यानं भागलं तर ती आहे तशीच राहते. म्हणजे शून्य आलं काय आणि गेलं काय, कुणाच्या अंगाला काही लागत नाही. अकराशे वर्षं उलटली. पुण्यातल्या आमच्या टीमचं मत अजून तेच आहे.

आमच्या आजोबांच्या हाती मोबाइल असता तर हा घोळ झालाच नसता. आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून मोठे झालेले. त्यांनी हे रान कधी 'दोन पॉइंट दहा' म्हटलंच नाही. ते म्हणायचे सव्वादोन एकर. सव्वादोनातून शून्य काढून दाखवा! त्यांच्या काळी निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार असे दोन रुपये चालायचे. सात हालीला सहा कलदार. नुसतं 'शंभर रुपये' म्हणून व्यवहार व्हायचा नाही; कुठले शंभर, ते आधी सांगावं लागायचं. पुढं १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले. चौसष्ट पैशांचा रुपया शंभर पैशांचा झाला, आण्याचे सव्वासहा नवे पैसे झाले, आणि हाली तरीही हट्टानं १९५९पर्यंत जिवंत राहिला. एवढ्या उलाढालीतून गेलेला माणूस आकडा भेटला की आधी त्याचं गाव विचारतो. कॉम्प्युटर विचारत नाही. त्याला सगळे आकडे एकाच गावचे वाटतात.

मामाला खाली बसवून, चहा देऊन मी शून्याचा प्रवास सांगायला घेतला. म्हटलं, तुम्ही टाकलेलं २.१० आधी पुण्याला गेलं. तिथं डेटाबेसमध्ये दोन दशांश घरांचा रकाना आहे, त्यात ते शून्यासकट बसलं. परत निघालं तेव्हाही शून्य सोबत होतं. मग ते जेसनमध्ये घातलं...

"ह्यो जेसन कोण?"

"माणूस नाही, मामा. पद्धत आहे. माहिती लिहून पाठवायची."

"पुण्याचा का?"

"नाही, अमेरिकेतली."

"मग त्याला गुंठा कसा कळंल?" मामा म्हणाला आणि त्यानं बशीत चहा ओतला. त्याच्या दृष्टीनं तपास पूर्ण झाला होता.

मला मात्र जेसनची बाजू मांडणं भाग होतं, कारण माझं पोट त्याच्यावर चालतं. डग्लस क्रॉकफर्ड नावाच्या गृहस्थानं ही पद्धत रूढ केली. तो प्रामाणिकपणे सांगतो, की मी हे निर्माण केलं नाही, ते होतंच, मला फक्त सापडलं. जिथं सापडलं ती जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइकनं १९९५च्या मे महिन्यात दहा दिवसांत उभी केली. दहा दिवस म्हणजे गणपती बसायला आणि उठायला लागतात तेवढेच. त्या घाईत आकड्यांची एकच जात ठरली. पैसे असोत, गुंठे असोत, की घरातली माणसं असोत, सगळ्यांना चौसष्ट बिटांची सारखीच जागा. त्या जागेत २.१० आणि २.१ बसवले की दोघांचं रूप हुबेहूब एक होतं. शून्य ठेवायला तिथं कोपराच नाही. जेसनच्या नियमात २.१० लिहायला बंदी नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. शून्य पुण्याहून सुखरूप निघतं, नांदेडमार्गे कंधारात येतं, मामाच्या फोनमध्ये शिरतं आणि शेवटच्या पावलावर तिथला वाचणारा प्रोग्रॅम ते गिळतो. चोर परगावचा नव्हताच. मामाच्या बंडीच्या खिशात बसलेला होता.

बरं, शून्य खाणं हा त्याचा आहार म्हणावा तर तेही नाही. याच प्रोग्रॅमला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करायला सांगा. तो ०.३०००००००००००००००४ असं उत्तर देतो. मामाचं एक शून्य पचवलं आणि इथं न मागता पंधरा बाहेर काढली! कारण असं, की तो सगळा हिशेब दोनाच्या पटीत करतो आणि दोनाच्या पटीत एक दशांश कधीच पुरा लिहून होत नाही. या हिशेबाचे नियम १९८५ साली ठरले आणि जगातले जवळजवळ सगळे कॉम्प्युटर ते पाळतात. म्हणजे चूक आहे, पण सगळ्यांची सारखी आहे. जावा नावाच्या भाषेत तर पैशांसाठी खास जातीचे आकडे आहेत, ते शून्य जपतात. पण त्यांना विचारलं, की २.१० आणि २.१ सारखे का, तर एका पद्धतीनं विचारलं तर 'नाही' म्हणतात आणि दुसऱ्या पद्धतीनं विचारलं तर 'हो' म्हणतात. हे आकडे पंचायतीवर निवडून येण्याच्या लायकीचे आहेत.

मामाची बातमी गल्लीत फुटली आणि दुसऱ्या दिवशी मावशी आली. तिची तक्रार निराळ्या शून्याची. डेअरीवर तिच्या म्हशीच्या दुधाचं फॅट मशीननं काढतात आणि पावती देतात. आदल्या दिवशी पावतीवर ६.१ होतं, आज नुसतं ६. मावशीचं म्हणणं, आज मशीन लावलंच नाही. "नुस्तं सा तर मी बोट बुडवून पण सांगते की."

मी या वाक्यापुढं नतमस्तक झालो. ६ म्हणजे कुणीतरी अंदाजानं म्हटलेले सहा, आणि ६.० म्हणजे कुणीतरी दशांशापर्यंत मोजून, तिथं काही सापडलं नाही हे बघून लिहिलेले सहा. शेवटचं शून्य म्हणजे मोजणाऱ्यानं दिलेली सही आहे. प्रयोगशाळेतली माणसं यासाठी पोरांना वर्षभर शिकवतात. मावशीनं ते म्हशीच्या कासेपाशी शिकून घेतलं होतं.

आमच्या भागात दशांशाकडं इतकं बारीक लक्ष असण्याला कारणंही आहेत. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस पडला तर अतिवृष्टी, एक दशांश कमी पडला तर नुसता पाऊस. पिकांची पैसेवारी पन्नासच्या आत आली तर दुष्काळ, वर राहिली तर सुकाळ, असं इथं वर्षानुवर्षं चालत आलं. २०२५ साली पालघर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या खात्यात पीकविम्याचे २ रुपये ३० पैसे जमा झाल्याची बातमी आली होती. असली रक्कम निदान २.३ अशी दाखवू नये, एवढी सभ्यता तरी एपीआयनं पाळावी. आणि दशांशाला हलकं समजणारे फक्त आपल्याकडं आहेत असंही नाही. व्हँकुव्हरच्या शेअर बाजारानं जानेवारी १९८२मध्ये आपला निर्देशांक १०००वर सुरू केला. प्रत्येक सौद्यानंतर तिसऱ्या दशांश घरापुढचं शेपूट ते कापून टाकत होते. बाजार बरा चालला होता, निर्देशांक मात्र खाली खाली. नोव्हेंबर १९८३मध्ये हिशेब नव्यानं केला, तर ५२४च्या जागी १०९८ निघाले. शेपटं कापता कापता निम्मा बाजार त्यांनी कापून टाकला होता.

इकडं मामानं माझ्या टेबलाशेजारी खुर्ची टाकली ती उचललीच नाही. "तुमच्या सायबाशी मीच बोलतो," म्हणाला. मी गयावया केली, पण कंधारच्या माणसाला गप्प बसवणं सोपं नाही. पूर्वीच्या कंधार मतदारसंघानं विधानसभेत भाई केशवराव धोंडगे पाठवले होते. शेतकरी कामगार पक्षाचे, आणि बोलायला उभे राहिले की सभागृह सावरून बसायचं. मामा त्यांची भाषणं ऐकत वाढलेला. सकाळच्या मीटिंगला त्यानं टोपी सारखी केली आणि कॅमेऱ्यात आला.

पुण्याहून आमच्या टीममधला सगळ्यात हुशार पोरगा बोलत होता. "सर, व्हॅल्यू तीच आहे. मॅथेमॅटिकली सेम. हा फक्त डिस्प्ले इश्यू आहे. लो प्रायॉरिटी."

"काय म्हणलालाय?" मामानं मला विचारलं.

"नऊ गुंठे गेलेत, पण घाई नाही, असं म्हणतोय."

मामाचा श्वास आत गेला. तो बाहेर यायच्या आत मी त्या पोराला विचारलं, "पायथन ३.१० आलं तेव्हाची रात्र आठवते?"

तिकडं शांतता.

झालं होतं असं. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या आवृत्त्यांना आकडे असतात: ३.८, ३.९ आणि मग ३.१०. तिथलं टिंबही मामाच्या जातीचं. नवानंतर दहा येतो. २०२१च्या ऑक्टोबरात ३.१० आलं. पोरानं उत्साहानं आमच्या फाइलमध्ये ३.१० लिहिलं. कॉम्प्युटरनं ती संख्या समजून शेवटचं शून्य टाकून दिलं आणि निघाला पायथन ३.१ शोधायला, जे २००९ सालचं. ते कुठून मिळणार? सगळं काम ठप्प. त्या वर्षी जगभरातल्या कितीतरी प्रोग्रॅमरांना नेमका हाच फटका बसला. आणि त्या रात्री हाच पोरगा मला फोनवर म्हणाला होता, "सर, थ्री पॉइंट टेन आणि थ्री पॉइंट वन सेम कसं असेल? एवढी साधी गोष्ट मशीनला कळत नाही?"

हे सगळं मी मामाला मराठीत सांगितलं. मामा खूष झाला. त्याला कुळातला एक माणूस पुण्यात सापडला होता.

"मग पोरा, तू काय केलास त्यावर?"

"काही नाही काका, आकड्याच्या दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं लावली. म्हणजे मग मशीन त्याला आकडा समजत नाही, अक्षरं समजतं. जसं दिलं तसं ठेवतं."

"मग माझ्या रानाला पण लावा की ती दोन चिन्हं! का रान तुझ्या पायथनपेक्षा हलकं हाय?"

मीटिंगमधले अकरा चेहरे एकाच वेळी खाली बघू लागले. मामाला आता सभा सापडली होती. "खरेदीखत बघितलाव का कधी? आकड्यात लिवतेत, आन मंग खाली अक्षरी लिवतेत. अक्षरी रुपये दोन लाख दहा हजार फक्त. कामून लिवतेत? कोणी मागून शून्य लावू नये आन कोणी काढू नये म्हणून. आन फक्त कामून? त्याच्यापुढं कोणी काय जोडू नये म्हणून. हे आमच्या अर्जनविसाला कळतंय, तुमच्या जेसनला कळंना."

खरं सांगतो, देवाणघेवाणीत दशांश शाबूत राखण्याचा जगन्मान्य उपाय नेमका हाच आहे. ज्या आकड्याचं रूप महत्त्वाचं आहे, तो संख्या म्हणून पाठवूच नये. अवतरणात घालून, अक्षरं म्हणून पाठवावा, आणि हिशेब करणाऱ्यानं दशांश जपणाऱ्या जातीच्या आकड्यांत तो उचलावा. दुसरा उपायही आहे, तो पैशांच्या दुनियेत चालतो: टिंबच ठेवू नये. रेझरपेसारख्या कंपन्यांना पाचशे रुपये सांगायचे तर ५०००० पैसे असं सांगावं लागतं. मामाला मी हेही सांगितलं. तो म्हणाला, "नव्वद गुंठे म्हणा, न्हाईतर सव्वादोन एकर म्हणा. पर म्हणलाव ते म्हणलाव, मधी बदलू नका."

आणखी एक कागद त्या मीटिंगमध्ये निघाला. आमच्याकडं आलेल्या एका एक्सेलमध्ये कुण्या शेतकऱ्याच्या गट क्रमांकाच्या जागी '५ फेब्रुवारी' लिहिलेलं होतं. मूळ गट ५/२ असणार. एक्सेलला त्यात तारीख दिसली. मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांसारखी नावं असलेल्या जनुकांचंही एक्सेल वर्षानुवर्षं असंच करत होतं. शेवटी २०२०मध्ये शास्त्रज्ञांनी हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली. हे मात्र मी मामाला सांगितलं नाही. कॉम्प्युटर ऐकत नाही म्हणून माणसाच्या जनुकांवर फेरफार झाला हे कळलं असतं, तर त्यानं अ‍ॅप काढून टाकून फोन मन्याड नदीत सोडून दिला असता.

ठराव सर्वानुमते मंजूर झाला. पुण्याच्या पोरानं मनावर घेतलं. रात्र जागून त्यानं एकर आणि गुंठे यांचे रकाने वेगळे केले, टिंब कायमचं काढलं, पैशांचे आकडे अवतरणात घातले, फॅटचं शून्य मावशीच्या हवाली केलं. सकाळी मला निरोप: "सर, आता आपल्या अ‍ॅपमधलं एकही शून्य हरवणार नाही. मी सगळीकडं दोन दशांश घरं सक्तीची केली आहेत."

'सगळीकडं' या शब्दावर माझी नजर अडली, पण तोवर मामा फोन घेऊन दारात होता. या वेळी चपला काढून. पाठीमागं मामी.

"वाच," म्हणाला.

मी वाचलं. एकर २.००. गुंठे १०.००. विहिरी १.००. घरातली माणसं ५.००. बैल, लाल कंधारी, २.००.

"पाच पॉइंट शून्य शून्य," मामी म्हणाली. "म्हंजे सासूबाईंचे गुडघे पण धरलेत का यात?"

मी पुण्याला फोन लावायला घेतला, तर मामानं माझा हात धरला. त्याचे डोळे बैलांच्या आकड्यावर होते.

"ऱ्हाऊ दे. माझी जोडी आजपतूर इतकी बारीक कोणी मोजलं नव्हतं." मग तो दारापर्यंत गेला आणि वळला. "आन त्या जेसनला कळीव, पोळ्याला जेवायला ये म्हणावं. अक्षरी पाच पुरणपोळ्या फक्त."